जुन्या सागवानी कड्यांवर फिशटँक

प्रश्न : आमचे जुने धाब्याचे घर यंदा उतरवले, त्यातील सागवानी कड्या जपून ठेवल्या आहेत. तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच अशा फिशटँकसाठी त्यांचा स्टँड घरीच करता येईल काय? वर दिव्याचे झाकण कसे करावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अवश्य करता येईल. आपली टाकी काठोकाठ भरल्यास तीत सुमारे १२७ लिटर पाणी मावते. काच, वाळू व गोटे धरले तर भार दीडशे किलोच्या पुढे जातो. पायाच्या बाजूला आडवी कडी नुसती स्क्रूने आवळली, तर हा सारा भार त्या स्क्रूंवर येतो. त्याऐवजी पायाच्या डोक्याला खाच पाडून कडी तीत बसवावी, म्हणजे लाकडाचा भार लाकडावरूनच जमिनीत उतरतो आणि स्क्रू व फेविकॉल यांच्याकडे सांधा हलू न देण्याचेच काम उरते. मागे एक तिरपी पट्टी मारावी आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत ना, हे पाहावे. कड्यांची जी टोके मातीच्या भिंतीत रुतलेली होती, ती हातोडीने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, तर वाळवीने पोखरलेला तेवढा भाग कापून टाका. खिळे मात्र एकूण एक उपसा, कारण आत राहिलेला एक खिळाही रंध्याचे पाते घालवतो.

शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. पाणसळ लावून पायांखाली पाचरी द्याव्यात. टाकीखाली १८ मिलिमीटरचा प्लाय व त्यावर थर्माकोल घालावा, कारण मध्ये अडकलेल्या एका खड्यानेही तळाची काच तडकू शकते.

झाकणाच्या बाबतीत आपल्याकडचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मी पहिले झाकण साध्या प्लायचे आणि चहूबाजूंनी बंद असे केले होते. वाफ आतच कोंडली आणि एका पावसाळ्यात प्लायचे पापुद्रे सुटले. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. पारा चव्वेचाळिसावर गेला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, ते यामुळेच. म्हणून झाकण पीव्हीसी शीटचे करावे, मागची बाजू उघडी ठेवावी आणि संगणकातला १२ व्होल्टचा लहान पंखा पाण्यावर वारा येईल असा बसवावा. त्याने पाणी लवकर आटते, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी भर घालावी लागेल. दिव्यासाठी दोन फुटी, दहा वॅटच्या दोन जलरोधक एलईडी पट्ट्या पुरेत. त्या आठ तासांहून फार अधिक काळ चालू ठेवल्यास काचेवर शेवाळ धरते.

वायर बोर्डाकडे नेताना तिला बोर्डाच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात न शिरता खालीच ठिबकेल. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल, तर आधी तो बसवून घ्यावा आणि मगच टाकी भरावी.