पाइपमधल्या पाण्याच्या प्रवाहाचं संगणकावर सिम्युलेशन (सीएफडी) करताना इनलेटला आणि आउटलेटला, दोन्हीकडे वेग दिल्यावर सोल्यूशन डायव्हर्ज का होतं, म्हणजे उत्तराकडे न जाता भरकटतं का?

दोन्ही टोकं बांधलीत, म्हणून. पाणी दाबलं जात नाही. आत शिरेल तेवढंच बाहेर पडायला हवं. दोन आकड्यांत किंचित तफावत राहिली तरी समीकरणांना उत्तरच उरत नाही. इनलेटला वेग द्या, आउटलेटला गेज दाब (वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत मोजलेला) ०. ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये इनलेटला वेग फिक्स्डव्हॅल्यू (ठरवून दिलेली किंमत), दाब झिरोग्रेडियंट (सीमेला लंब दिशेत बदल शून्य). आउटलेटला नेमकं उलटं. भिंतीला नो-स्लिप (भिंतीला लागून वेग शून्य), तिथे फार डोकं लावू नका.

आउटलेटवर ‘रिव्हर्स्ड फ्लो’ची (प्रवाह उलटा आत येतोय अशी) सूचना थांबतच नसेल, तर आउटलेट बहुधा बेंडला चिकटलेलं असतं. व्यासाच्या १० पट तरी पुढे सरकवा.

इनलेटला सपाट प्रोफाइल (सगळीकडे सारखा वेग) दिलंत तर लॅमिनार (थराथराने शांत वाहणारा) प्रवाह पूर्ण विकसित व्हायला, म्हणजे त्याचं प्रोफाइल पुढे बदलायचं थांबायला, साधारण ०.०६ × रेनॉल्ड्स संख्या (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) × व्यास एवढी लांबी लागते. रेनॉल्ड्स १००० असेल तर ६० व्यास! त्यापेक्षा थेट पॅराबोलिक प्रोफाइल (मध्यभागी वेग जास्त, भिंतीपाशी शून्य) द्या, बराच मेश (गणनेसाठीची जाळी) वाचेल.