घाबरलेल्या दिवसांतले कायदे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. इथे अमेरिकेत येत्या नोव्हेंबरात पहिल्यांदा मत देणार आहेस आणि कुणालाच द्यावंसं वाटत नाही, असं लिहिलंस. आपल्या कराच्या पैशांतून बॉम्ब होतात, उरलेल्यातून तुरुंग उभे राहतात आणि डेमोक्रॅट-रिपब्लिकन हे दोन्ही पक्ष सारखेच, हे तुझं म्हणणं. बाबांचं म्हणणं वेगळं: आपण इथे शिकायला-कमवायला आलो, यांच्या राजकारणात कशाला पडायचं? हे वाक्य इथल्या मराठी घरांत मी कित्येक वर्षं ऐकतोय. बाबांवर रागावू नकोस. ग्रीन कार्डावरच्या माणसाने जपून असावं हे खरंच. त्याने मतदार म्हणून नुसतं नाव नोंदवलं तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते फार महागात पडतं. पण तू इथली नागरिक आहेस. तुझ्या नावावर होणाऱ्या खर्चाचा हिशेब मागणं ही उठाठेव नव्हे.

'दोन्ही पक्ष सारखेच' हे मात्र मला पटत नाही. ते एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग एकत्र येऊन एकाच बाजूने मत देतात ते कधी, हे शोधलंस तर तुझ्या रागाला नेमकी दिशा मिळेल. माझ्या पाहण्यात, देशातले लोक घाबरलेले असतात तेव्हा हे घडतं.

14 सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कचे जुळे टॉवर हल्ल्यात पडून तीन दिवस झाले होते. राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची मुभा देणारा ठराव संसदेच्या प्रतिनिधीगृहात आला. बाजूने 420 मतं, विरोधात एक. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, विरोधात कुणीच नव्हतं. ठरावाचा गाभा इंग्रजीत साठ शब्दांचा. त्यात ना कुठल्या देशाचं नाव, ना मुदत. ली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पुढे दोन्ही पक्षांच्या चार राष्ट्राध्यक्षांनी त्याच साठ शब्दांच्या आधारावर अफगाणिस्तानाच्या कितीतरी पलीकडे, येमेन, सोमालिया, सीरियापर्यंत बळ वापरलं. राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार संसदेला दिलाय, आणि संसदेने रीतसर युद्ध पुकारल्याला 1942 नंतर मुहूर्त लागलेला नाही. त्या आठवड्यातली भीती खरी होती, मी न्यू जर्सीतच होतो. पण भीती ओसरल्यावरही ठराव तसाच राहिला. तो रद्द व्हावा आणि पुढच्या प्रत्येक लढाईसाठी मुदत घालून नवं मतदान व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

तुरुंगांचंही असंच झालं. जून 1986 मध्ये लेन बायस हा बास्केटबॉलपटू कोकेनमुळे गेला. वय 22, बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने निवडल्याला दोनच दिवस झालेले. क्रॅकने, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांनी, गेला असा बोभाटा झाला. प्रत्यक्षात ती कोकेनची पूड होती. ऑक्टोबर संपायच्या आत कायद्यावर सही झाली. पाच ग्रॅम क्रॅक विकताना सापडलं तर किमान पाच वर्षं कैद. कोकेनची पूड असेल तर तेवढीच शिक्षा व्हायला पाचशे ग्रॅम लागत. न्यायाधीशाला त्याहून कमी शिक्षा द्यावीशी वाटली तरी हात बांधलेले. क्रॅकच्या कलमाखाली आत गेलेले बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. शंभरास एक हे प्रमाण अठरास एक व्हायला 2010 उजाडलं. जुन्या कैद्यांनाही त्याचा फायदा देणारा कायदा 2018 साली आला, आणि त्यावर सही ट्रम्प यांची होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पक्षाचं नाव वाचून आधीच निकाल लावशील तर अशा जागा तुझ्या नजरेतून सुटतील.

कायदा मागे घेणं इतकं अवघड का, ते तुझ्या पेनसिल्व्हेनियातच बघायला मिळेल. स्क्रँटनला रेल्वे इंजिनांची जुनी वर्कशॉप होती. त्याच आवारात आज 155 मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची कवचं बनतात. पोलादाचे जाड दांडे कापायचे, भट्टीत लालबुंद तापवायचे, दाबून पोकळ करायचे, टोक निमुळतं करायचं, कातून-घासून रंग द्यायचा. स्फोटक भरायला ही कवचं आयोवात जातात. सप्टेंबर 2024 मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की स्वतः तिथे येऊन कामगारांना भेटले. युक्रेनला तोफगोळे द्यावेत असंच मी म्हणेन. ज्याच्या घरात शत्रू घुसलाय त्याला एकटं सोडू नये. इराकवर 2003 साली चालून जाणं हा मात्र घोर अन्याय होता. पण गोळा कुठे जाऊन पडणार यावर भट्टीजवळच्या माणसाचा पगार ठरत नाही, आणि त्या पगारावर गावातली दुकानं चालतात. 2012 च्या सुमारास लष्कराने स्वतः सांगितलं होतं की तूर्त आणखी रणगाड्यांवर खर्च नको. संसदेने तरी पैसे मंजूर केले, ओहायोतल्या लिमाचा कारखाना चालू राहावा म्हणून. मागणी करणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे लोक होते.

आता रॉकव्ह्यू घे. तुझ्या कॉलेजपासून गाडीने फार लांब नाही. कैदी कमी झाले, इमारती जुन्या झाल्या, म्हणून 2025 साली राज्य सरकारने तो तुरुंग बंद करायचं ठरवलं. विरोधाला कोण उभं राहिलं? तुरुंगातले रक्षक, त्यांची युनियन, आजूबाजूची गावं. ती माणसं दुष्ट नाहीत. घराचे हप्ते त्यांनाही आहेत. तुरुंग कमी व्हावेत असं तुला मनापासून वाटत असेल, तर त्या गावांत पुढे कोणतं काम येणार याचं उत्तर तुझ्यापाशी हवं. इथले सुधारणावादी हे उत्तर शोधायला कमी पडतात, हे मला डाचतं. सगळा दोष खासगी तुरुंग कंपन्यांवर ढकलणंही बरोबर नाही. दहातला एकही कैदी त्यांच्याकडे नसतो. बाकीचे तुझ्या-माझ्या सरकारच्या ताब्यात आहेत.

आकडे थोडक्यात देतो. 2024 साली अमेरिकेने सैन्यावर जवळजवळ एक लाख कोटी डॉलर खर्च केले, साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. पेंटॅगॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं, संपूर्ण लेखापरीक्षण 2018 पासून दरवर्षी होतं, त्यात ते एकदाही उत्तीर्ण झालेलं नाही. राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन लाख माणसं होती. 2009 च्या सुमारास ती सोळा लाखांवर गेली. आता कमी झाली तरी बारा लाखांच्या आसपास आहेत. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमधली लाखो माणसं आणखी वेगळी, आणि त्यांतल्या बहुतेकांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, तसे.

त्यांना प्रत्यक्ष बघ. काउंटी कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मागच्या बाकावर जाऊन बस, कुणी हटकत नाही. मी बसलोय. नारिंगी कपड्यातला, हाताला बेड्या घातलेला तरुण पोरगा. सरकारी खर्चाने मिळालेला वकील त्याच्या कानाशी काही बोलतो. न्यायाधीश एका सुरात विचारतात: कुणी जबरदस्ती केली का? काही औषध घेतलंय का? ज्युरीपुढे खटला चालवण्याचा हक्क सोडताय, कळतंय ना? 'यस, युअर ऑनर.' काही मिनिटांत संपतं, पुढचं नाव पुकारलं जातं. इथे शिक्षा झालेल्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक असेच, कबुलीच्या सौद्याने आत जातात. खटला लढलास तर पंधरा वर्षं, कबूल झालास तर चार, असं समोर ठेवलं की निरपराध माणूसही चार पत्करतो. व्हिसावरच्या मुलाला तर त्या एका 'यस'पायी देशही सोडावा लागू शकतो. आपल्या मराठी मंडळांतल्या आईवडिलांनी हे मुलांना सांगायला हवं.

गुन्हा खोटा असतो असं मी म्हणत नाही. दुकानात बंदूक रोखली गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण सापडण्याची खात्री माणसाला जितकी आवर घालते तितकी शिक्षेची लांबी घालत नाही, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांचा गुन्ह्याकडचा ओढा आटतो. साठीच्या कैद्याला कोंडून ठेवण्यावरचा पैसा मला वाया गेलेला वाटतो. बदल होतो, हेही इथे पाहिलंय. न्यू जर्सीत 2017 पासून पैसे भरून जामीन जवळजवळ बंद झाला. कायद्यावर सही रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांची. पैसे नाहीत एवढ्याच कारणाने आत बसलेली माणसं घरी गेली.

तेव्हा नोव्हेंबरात मत दे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. कबुलीचा सौदा न्यायाधीश ठरवत नाही, डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचं, म्हणजे काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाचं, ऑफिस ठरवतं. आमच्याकडे न्यू जर्सीत त्या माणसाला गव्हर्नर नेमतो, तुमच्याकडे तो निवडून येतो, विषम साली, जेव्हा फारसं कुणी मतदानाला जात नाही. खरी चुरस पुष्कळदा मे महिन्यातल्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच, होऊन जाते, आणि तिथे मत द्यायचं तर पक्षाकडे नाव नोंदवलेलं लागतं. 'मी कुठल्याच पक्षाची नाही' असं लिहिलंस तर ती निवडणूक तुझ्याविना पार पडेल. नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या पंधरा दिवस आधी संपते. आणखी एक काम तुला जमेल. पेनसिल्व्हेनियात तुरुंगातून सुटलेल्याला मत देता येतं, जेलमध्ये खटल्याची वाट बघणाऱ्यालाही टपालाने देता येतं. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन काउंटी जेलच्या ऑफिसात विचार, टपाली मताचे अर्ज आत कसे पोचवायचे ते.

प्रतिनिधीला पत्र लिहिशील तेव्हा 'युद्ध थांबवा' एवढंच लिहू नकोस. 2001 चा ठराव रद्द करण्यावर तुमचं मत काय, हो की नाही, एवढं विचार. गुळमुळीत उत्तर आलं तर पुन्हा लिही.

कोर्टात बसून आलीस की सविस्तर कळव. किती जणांची नावं पुकारली, वकील काय बोलले, सगळं. बाबांना माझा नमस्कार सांग, आणि जमलं तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.

तुझा,
काका