चिपाडाचा कोळसा आणि वीज

अरे, सांगलीत उसाच्या चिपाडाला तोटा नाही, पण ग्रॅफीन (कार्बनचे अणूभर जाडीचे षटकोनी थर) करायचं म्हणून त्याचा कोळसा तसाच नळीत भरून विजेचा झटका देऊ नकोस. कमी आचेवर केलेला कोळसा वीज नीट वाहूच देत नाही. थोडा कार्बन ब्लॅक, म्हणजे वीज वाहून नेणारी काजळीसारखी पूड, मिसळ. प्रवाह गेला की रोधामुळे कोळसा क्षणात 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि वेडेवाकडे बसलेले अणू षटकोनी थरांत लागतात. ॲचेसनच्या जुन्या विजेच्या भट्टीत ग्रॅफाइटला कित्येक दिवस लागायचे, इथे सेकंदभरही नाही! पण नुसत्या चकाकीवर भुलू नकोस. रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश टाकून अणूंची मांडणी तपासतात त्यात) 1350 cm⁻¹ जवळचं, मांडणीतले दोष दाखवणारं शिखर किती खाली आलं ते बघ. आणि हा झटका देणारा, वीज साठवणारा कपॅसिटर? स्विच बंद केला तरी तो चार्ज धरून बसतो. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. मी खाल्लाय झटका.