जुन्या इंजिनवाल्या वेल्डिंग सेटला सायलेन्सर कुठून मिळेल?

दादा, तुम्ही लिहिलंय की सेट जुना आहे, त्यावर किर्लोस्करचं दोन सिलेंडरचं एअर कूल्ड (हवेने थंड होणारं) एचए-294 इंजिन आहे, सायलेन्सरची गंजून चाळणी झालीय आणि सेट बनवणारी कंपनीच आता राहिली नाही. तर आधी सेटच्या नावाने शोधणं बंद करा, ते नाव ऐकलं की दुकानदार नाही म्हणून मोकळा होतो. इंजिनचं मॉडेल सांगा, हेच इंजिन जनरेटरवर, कॉम्प्रेसरवर पण बसलेलं आहे, त्यामुळे डीजी सेटचे (डिझेल जनरेटरचे) स्पेअर विकणाऱ्याकडे आधी विचारा. कोल्हापूरकडचे असाल तर शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर माराच, तिथे ऑइल इंजिनचं काम पिढ्यानपिढ्या चालतं, तयार नसला तरी बनवून देणारा भेटेल.

जाताना जुना सायलेन्सर सोबत न्या, नाहीतर त्याच्या फ्लँजवर (पाइपच्या तोंडाची बोल्टची भोकं असलेली चपटी कड) जाड पुठ्ठा दाबून धरा आणि बॉलपीन (एका बाजूला गोल डोकं असलेल्या) हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्या, भोकं आणि बाहेरची कड बरोबर कापून निघते. हा पुठ्ठा टेपने घेतलेल्या मापापेक्षा जास्त भरवशाचा. पाइपचं आतलं माप मात्र व्हर्नियरनेच (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) घ्या.

आणि माप कमी करू नका, हे मी कळकळीने सांगतोय. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 100 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 120 मिमी म्हणजे दोन सिलेंडर मिळून जवळपास 1.9 लिटरचं इंजिन झालं, त्याला बुलेटचा वगैरे सायलेन्सर लावला की धूर अडतो. नुसतं चालू असताना काहीच कळत नाही, पण जाड रॉड लावून आर्क मारला की लोड येतो, इंजिन दबतं, काळा धूर टाकतं, आरपीएम पडतो आणि रॉड चिकटायला लागतो, मग माणूस उगाच डिझेल पंप आणि नोझल खोलत बसतो. त्यापेक्षा 35-40 एचपी ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर घ्या, तो 2 लिटरच्या वरच्या इंजिनसाठी असतो त्यामुळे इथे आरामात चालतो, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. तुमच्या मापाचा फ्लँज त्याला टर्नरकडून (लेथवाल्याकडून) बसवून घ्या. जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचा तुकडा मध्ये जोडू नका, जस्ताचा धूर वाईट, साधा एमएस (जस्त नसलेला लोखंडी) पाइप वापरा.

सायलेन्सरचं वजन सगळं मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळीवर) लटकू देऊ नका. या इंजिनाला व्हायब्रेशन भरपूर, आधार नसेल तर फ्लँजच्या मुळाशी क्रॅक जातो. मध्ये फ्लेक्सिबल बेलो (व्हायब्रेशन झेलणारा लवचिक पाइप) टाका आणि सायलेन्सरला फ्रेमवरून पट्टीचा आधार द्या, पट्टी वेल्ड करताना अर्थ क्लॅम्प अगदी जवळ लावा म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

सायलेन्सरचं तोंड कुठे करायचं हे पण बघा. एअर कूल्ड आहे ना, ब्लोअर (थंड करणारा पंखा) जिकडून हवा ओढतो तिकडे धूर गेला तर इंजिन तापणारच. उभा ठेवलात तर वर पावसाची झाकणी लावा. उसाच्या फडाजवळ काम असेल तर स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा) हवाच.

जोडातलं जुनं गॅस्केट (मधलं पॅकिंग) अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट, ते कोरडं खरवडू नका, पाणी मारून ओलं करून काढा. स्टड (सायलेन्सर धरणारे हेडमधले बोल्ट) गंजले असतील तर आदल्या रात्री रस्ट सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी थोडं गरम करून नट थोडा पुढे थोडा मागे असा हळूहळू सोडवा, एकदम जोर लावलात तर स्टड हेडमध्येच तुटेल.