कोलाजेन पेप्टाइडची पावडर घेऊन गुडघेदुखीत कुणाला खरंच फरक पडला का?

मी घेतली. चार महिने, रोज १० ग्रॅम, सकाळी कोमट पाण्यातून. वय ५२, डाव्या गुडघ्याची झीज सुरू झालेली. पहिले दोन महिने ढिम्म फरक नाही. नंतर जिना उतरताना दुखणं जरा कमी झालं, पण त्याच सुमारास फिजिओथेरपीवाल्या ताईंनी दिलेले मांडीचे व्यायामही नेमाने चालू होते. मग श्रेय कुणाचं? मी तरी व्यायामालाच देईन. पावडर बंद करून वर्ष झालं, गुडघा आहे तसाच आहे. व्यायाम बुडवला की मात्र लगेच कुरकुरतो.

ही पावडर म्हणजे गुरांच्या, डुकरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतलं प्रथिन, बारीक तुकडे केलेलं. पोटात त्याची अमिनो आम्लं आणि आणखी छोटे तुकडे होतात. ते नेमके गुडघ्यातच जाऊन बसतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला अन्नातूनच मिळवावं लागणारं अमिनो आम्ल नसतं, म्हणून डाळ-अंड्याऐवजी ते चालणार नाही. शाकाहारी असाल तर डबा नीट वाचा, वनस्पतीत कोलाजेन नसतंच. आमच्या सासूबाई एकादशीला दुधातून घेत होत्या! कळल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

जिममध्ये कुणी बीपीसी-१५७ची (दुखापत लवकर भरते असं सांगून विकलं जाणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं पेप्टाइड) इंजेक्शनं सुचवली तर सरळ नाही म्हणा. माणसांवर त्याच्या पुरेशा चाचण्या झालेल्या नाहीत, आणि खेळाडूंसाठी ते २०२२पासून वाडाच्या (WADA, खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था) बंदी-यादीत आहे.