दाखल्यांची नोंदवही आधी माग

प्रिय,

अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात जखमीला अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी "पैसे किती घेतले?" इथूनच सुरू करू का, असं तू विचारलंस. नको करूस.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी तेच केलं होतं. हातात काही नसताना, दाखला विकत दिला असं भर कोर्टात सुचवलं. डॉक्टरांनी शांतपणे फीची पावती पुढे केली. जखमीवर उपचार त्यांनीच केले होते. दवाखाना बंद ठेवून ते सकाळपासून बाकावर बसले होते, त्याची फी घेणं हा गुन्हा नव्हे. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. आरोपाला वाजवी आधार नसेल तर असा प्रश्न विचारू नये, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १५२ (जुन्या कायद्यातलं १४९) बजावतंच.

म्हणून आधी कागद. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते, रुग्णाच्या ओळखखुणा लिहायच्या असतात, प्रत जपायची असते. ती नोंदवही, केसपेपर, एक्सरे, पावतीपुस्तक हे सगळं समन्समध्येच मागव. ऐनवेळी मागितलंस तर "आज आणलेलं नाही" एवढंच उत्तर मिळेल. मग विचार: पहिल्यांदा कधी तपासलंत? दाखल्यातलं ४० टक्के अपंगत्व एका पायाचं की सगळ्या शरीराचं? सांध्याची हालचाल मोजलीत, ते आकडे कुठे आहेत? उपचार न करता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात, असे अपघात दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांना सावध केलं आहे. तो पूर्ण वाच. जखमीच्या बुडालेल्या कमाईचा हिशेब कसा करावा, हेही त्यातच आहे. आणि आपण विमा कंपनीकडून उभे असलो तरी त्या माणसाचा पाय खरंच मोडलेला आहे.

पैशाचा प्रश्न शेवटी, तोही नोंदवहीने वाट दाखवली तरच. एकाच वकिलाच्या पक्षकारांना ओळीने दाखले दिलेले दिसले, तर त्या वकिलांशी नेहमीचा व्यवहार आहे का, असं सरळ विचार. इतर रुग्णांची नावं मात्र मोठ्याने वाचू नकोस, अनुक्रमांक आणि तारीख पुरते. साक्षीदाराच्या चारित्र्याला धक्का देणारा प्रश्न त्याने नाकारला, तर तो खोडायला एरवी पुरावा आणता येत नाही. निःपक्षपातीपणाबद्दलचा प्रश्न नाकारला, तर आणता येतो. कलम १५६ चा हा अपवाद नीट पाहून ठेव, प्रश्नाची शब्दरचना त्यावरच ठरते.

सोमवारी समन्सच्या अर्जाचा मसुदा घेऊन ये. दाखल्यावर नोंदवहीचा क्रमांक आहे का, तेवढं आज रात्रीच बघ.

तुझा,
सर