मिहानला नोकरी, गाडी घ्यायची नाही : नागपुरात निभेल का?

पुण्याहून मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीत, नोकरीला येतोय, गाडी घ्यायची नाही, मानेवाड्याला खोली स्वस्त मिळतेय, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. पण मानेवाडा सोडा. पहिल्या टप्प्यात मेट्रो तिकडे गेली नाही आणि मंजूर झालेल्या दुसऱ्यातही जाणार नाही. तो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा अन् कापसीकडे आहे. भाड्यात वाचेल ते ऑटोवाला नेईल. मीटरचं तर नावच काढू नका.

मी लिहायला बसले ते मात्र आमच्या भासऱ्यांमुळे, म्हणजे थोरल्या दिरांमुळे. त्यांचं म्हणणं, नागपुरात गाडी नसलेला माणूस एक तर विद्यार्थी, नाही तर चिक्कू. मेट्रो म्हणजे डब्यात केक कापायची हौस. (डबे वाढदिवसाला भाड्याने दिले होते हे खरंच आहे, तिथे माझी बोलती बंद होते.) मी 2023 मध्ये स्कूटी विकली, तेव्हापासून सणासुदीला पान वाढलं की हाच विषय.

गेल्या मे महिन्यात पारडीला लग्न होतं. भासरे आणि जाऊबाई एसी कारने निघाले, आम्ही दोघं सुभाषनगरहून मेट्रोने. मी पैठणीत, डोक्यावरून दुपट्टा, मांडीवर अहेराची पिशवी. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, डबा अर्धा रिकामा झाला, बसायला खिडकी मिळाली. खाली सेंट्रल एव्हेन्यूवर गाड्यांची नुसती रांग. मी जाऊबाईंना फोन लावला. "इथंच दोसर भवन चौकात अडकून राहिलो ना बाप्पा!" आम्ही प्रजापतीनगरला उतरलो, ऑटो केला, अक्षता टाकल्या, मठ्ठा प्यायलो. ते आले तेव्हा वधूवर फोटोला उभे होते. भासरे म्हणाले, "पार्किंगच नाही भेटली." मी काही बोलले नाही. फक्त मठ्ठा पुढे केला.

तुमचं म्हणाल तर वर्धा रोडच्या बाजूला, जयप्रकाशनगर किंवा उज्ज्वलनगरजवळ खोली बघा, थेट मिहानकडच्या खापरी स्टेशनला उतराल. सुभाषनगरला राहिलात तर बर्डीला गाडी बदलावी लागेल, पण तो काही त्रास नाही. खरा त्रास खापरीच्या पुढे. मिहान अवाढव्य पसरलंय, तेव्हा स्टेशनवरून कंपनीची बस आहे का ते रुजू व्हायच्या आधी विचारा. 'आपली बस' ही शहर बस आहे, पण तिच्या भरवशावर हजेरी लावू नका. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो असा 3.14 किलोमीटरचा गिनीजवाला पूल लागेल. भासरे पाहुण्यांना तो दाखवायला नेतात. कारने.

आणि हो, शेवटची मेट्रो रात्री दहाच्या सुमारास. तुमची रात्रपाळी असेल तर वरचं सगळं विसरा. त्या लग्नात विदाई लांबली, साडेदहा झाले, ऑटोवाले तोंडाला येईल ते मागत होते. शेवटी भासऱ्यांच्याच गाडीत मागे बसलो. सुभाषनगर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. उतरताना काच खाली करून म्हणाले, "मेट्रोचं कार्ड सीटवर राहिलं नाही ना, पाहून घ्या."